कचऱ्याच्या डब्यात लघवी, रुमालात गुंडाळलेली शी: डिमेन्शियात असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी करणाऱ्या डिमेन्शियाच्या एका प्रकाराचं, निदान झालं. गेल्या काही आठवड्यांपासून ते खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात लघवी करतात. बाथरूममध्ये गेलेच तर कमोडच्या बाजूला फरशीवर होते. संध्याकाळी दर पाच-दहा मिनिटांनी उठून जातात आणि काही न करताच परत येतात. परवा कपड्यांच्या कपाटात रुमालात गुंडाळलेली शी सापडली. विचारल्यावर 'मी नाही केलं' म्हणून ते तुमच्यावरच चिडले. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हे मुद्दाम चाललंय का, आणि आता डायपर लावायचा का?

पहिल्याचं उत्तर आधीच देते, कारण ते मनात अडकलेलं असलं की बाकी काही सुचत नाही. मुद्दाम चाललेलं नाही. कुणाला त्रास द्यायचा तर बेत ठरवावा लागतो, तो लक्षात ठेवावा लागतो, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज बांधावा लागतो. या आजारात माणसाच्या हातून हेच आधी सुटत जातं. डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांची शुश्रूषा करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यामागे काहीतरी कारण सापडलं आहे. कारण सापडलं की उपाय सापडतोच असं नाही, पण राग मात्र बराच कमी होतो.

आपण बाथरूमला जातो तेव्हा एकच गोष्ट करतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बारा-तेरा कृतींची माळ असते. पोटात काहीतरी जाणवणं, ते लघवीचं आहे हे कळणं, बाथरूम कुठे आहे हे आठवणं, तिथे पोचेपर्यंत धरून ठेवणं, समोरची वस्तू कमोड आहे हे ओळखणं, नाडी किंवा चेन सोडणं, वळून बसणं, मग सैल सोडणं, झालं हे कळणं, स्वच्छ होणं, फ्लश करणं, कपडे वर घेणं, हात धुणं. आजारामुळे यातली कुठलीही एक कृती गळते आणि बाकीच्या तशाच चालू राहतात. आपल्याला दिसतो तो फक्त शेवट, म्हणून तो विचित्र वाटतो. तेव्हा 'बाबा असं का वागतात' या प्रश्नापेक्षा 'कुठल्या टप्प्यावर अडतंय' हा प्रश्न धरून बघा.

पण त्याच्याही आधी शरीर. तुमच्या लिहिण्यातले 'गेल्या काही आठवड्यांपासून' हे शब्द मला महत्त्वाचे वाटले. अल्झायमर सहसा हळूहळू सरकतो. चांगलं चाललेलं माणूस काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदललं तर सगळा दोष मेंदूच्या आजाराला देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या संसर्गात वयस्कर माणसाला ताप किंवा जळजळ नसूही शकते. नुसता गोंधळ वाढतो, झोप येत राहते किंवा अस्वस्थता येते. याची दुसरी बाजूही सांगते: म्हातारपणी काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं खूप सामान्य आहे. तेव्हा केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून दर वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही. लक्षणं आणि रिपोर्ट दोन्ही बघून डॉक्टरांनी ठरवायचं.

पुरुषांत मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथीही तपासायला हवी. लघवी पूर्ण होत नसेल तर मूत्राशयात उरलेली लघवी पुन्हा पुन्हा हाक मारते. लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते हे साध्या सोनोग्राफीत दिसतं. संध्याकाळच्या त्या फेऱ्यांचं उत्तर कदाचित इथेच असेल. रक्तातली साखर वाढल्यानेही लघवी वारंवार होते, तीही बघून घ्या.

औषधांची यादी घेऊनच जा, कारण इथे एक फसवं चक्र आहे. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलँटामिन ही अल्झायमरसाठी दिली जाणारी औषधं काही जणांत लघवीची घाई किंवा जुलाब वाढवतात. मग त्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिनसारखं औषध सुरू होतं. ते मूत्राशय शांत करतं, पण स्मरणशक्तीसाठी दिलेल्या औषधाच्या नेमकं उलट काम करतं. गोंधळ वाढतो, बद्धकोष्ठताही वाढते. सर्दीच्या आणि झोपेच्या काही जुन्या गोळ्याही याच जातीच्या असतात. कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. मात्र 'हे औषध सुरू झाल्यावर हा त्रास वाढला का' हा प्रश्न तारखांसकट डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि बद्धकोष्ठता. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही, पण रुमालाची गोष्ट वाचल्याबरोबर माझ्या डोक्यात पहिली तीच आली. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता कचऱ्याचा डबा. डोळे ठीक असतात, पण दिसलेल्या वस्तूचा अर्थ मेंदूला लागत नाही. गोल तोंडाचं, पोकळ, गुडघ्याच्या आसपासच्या उंचीचं काहीतरी दिसतं. त्यातून घाई लागलेली असते आणि धरून ठेवण्याची ताकद कमी झालेली असते, कारण लघवीला 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भागही आजाराने दुबळा होत जातो. अशा वेळी त्यांनी शोधलेली जागा त्यांच्या दृष्टीने बरोबरच असते. खोलीच्या मधोमध न करता डब्यात केली, याचा अर्थ 'ही गोष्ट एखाद्या भांड्यात करायची असते' हे त्यांना अजून कळतंय. मला हे चांगलं लक्षण वाटतं. डबा, मोठी कुंडी, बादली अशा वस्तू खोलीतून आणि बाथरूमच्या वाटेवरून हलवा. पण नुसतं हलवून थांबलात तर ते दुसरी जागा शोधतील. तिथे झाकण उघडं ठेवलेली कमोडची खुर्ची किंवा हातात धरायचं लघवीचं भांडं ठेवून बघा. काहींना ते लगेच जमतं, काहींना ती वस्तू काय आहे हेच कळत नाही. पूर्वी कधी वापरलेलं नसेल तर अवघड जातं. ज्या जागी लघवी झाली ती एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. वास मागे राहू देऊ नका.

बाथरूम त्यांना सापडतंय का, हेही तपासा. त्यांच्या पलंगावर त्यांच्यासारखं आडवं व्हा, उठून बसा आणि बघा: दार दिसतं का? बंद दारं सगळी सारखीच दिसतात. दार उघडं ठेवा, आत दिवा चालू ठेवा, म्हणजे पलंगावरून थेट कमोड दिसेल. जागेमुळे ते शक्य नसेल तर दारावर त्यांच्या नजरेच्या उंचीला कमोडचं मोठं चित्र आणि त्याखाली त्यांना लहानपणापासून सवयीचा असलेला शब्द लावा. म्हातारपणी पाठीला वाक आलेला असेल, नजर खाली जात असेल, तर चित्रही खाली आणा.

कमोडच्या शेजारी फरशीवर होतं, याचं सगळ्यात सोपं कारण रंग असू शकतं. पांढरी फरशी, पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी सीट. आपल्याला कडा दिसतात, त्यांना सगळं एकच दिसतं. रंगांमधला फरक आणि खोली ओळखण्याची क्षमता या आजारात कमी होते. माझ्याकडच्या एका आजोबांना रोज कमोडच्या उजव्या बाजूला हात पुढे करून चाचपडताना मी पाहिलं होतं, अंधारात भिंत शोधावी तसं. दिवा लख्ख होता. गडद निळी सीट बसवली आणि त्यांचं चाचपडणं त्याच आठवड्यात थांबलं. सगळ्यांच्या बाबतीत इतक्या लवकर होत नाही, पण खर्च आणि कष्ट इतके कमी आहेत की मी कुणालाही आधी हेच करायला सांगते. सीट फरशीच्या रंगाहून वेगळी, गडद आणि एकरंगी हवी. बाजूचा आधाराचा दांडाही भिंतीहून वेगळ्या रंगाचा असू द्या. उलट, गडद पायपुसणं उचलून टाका. काळा चौकोन त्यांना खड्डा वाटतो, आणि दारातच थबकून ते आत येत नाहीत. चकचकीत फरशी ओली वाटते, तिचीही भीती बसते.

आरशाकडेही एकदा बघा. स्वतःचा आताचा चेहरा ओळखू येत नसेल, तर आरशात एक अनोळखी म्हातारा उभा असतो आणि त्याच्यासमोर कपडे काढायचे असतात. कुणीही नकार देईल. बाबा आत जाऊन लगेच बाहेर येत असतील किंवा आत कुणाशी बोलत असतील तर आरशावर कापड टाकून दोन दिवस फरक पडतो का ते पाहा.

पुरुषांना उभं राहून करायची सवय असते. नेम, तोल आणि नाडी सोडणं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणं त्यांना जड जातं. बसून करायची सवय लावता आली तर उत्तम. 'बसा' म्हणण्यापेक्षा, ते कमोडला पाठ करून उभे राहतील असं हलकेच वळवा आणि सीटचा स्पर्श पोटऱ्यांना होऊ द्या. शरीर पुष्कळदा पुढचं आपसूक करतं. पँटची बटणं, पट्टा, चेन बाजूला ठेवून इलास्टिकच्या पँट आणा. बाथरूममध्ये वेळेत पोचूनही कपडे ओले होत असतील तर अडचण बहुतेक इथेच असते.

संध्याकाळच्या फेऱ्यांमागे मला तीन-चार कारणं दिसतात आणि ती एकत्रही असू शकतात. लघवी शिल्लक राहणं हे वर सांगितलंच. दुसरं, ते जाऊन आले हेच आठवत नाही. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक फेरी पहिलीच असते. 'आत्ताच तर जाऊन आलात' हे वाक्य त्यांना खोटं वाटतं आणि वाद सुरू होतो. तिसरं, ज्यांना एकदा कपडे ओले होण्याचा अनुभव आलाय, त्यांच्या मनात ती धास्ती राहते. प्रसंग विसरतात, धास्ती विसरत नाहीत. चौथं, दिवस मावळताना या आजारात अस्वस्थता वाढते. काहीतरी करायचंय, कुठेतरी जायचंय असं वाटत राहतं आणि घरात जाण्यासारखी एकच ओळखीची जागा उरते. कारण ओळखायला एक साधी युक्ती आहे. त्या वेळी त्यांना हाताला काम द्या, कपड्यांच्या घड्या घालायला बसवा किंवा बरोबर चालायला न्या. फेऱ्या थांबल्या तर ती अस्वस्थता होती. तरीही उठतच राहिले आणि थोडी-थोडी लघवी होत असेल तर डॉक्टर.

पाणी कमी करू नका. घरोघरी पहिला उपाय हाच केला जातो आणि त्याने सगळंच बिघडतं: घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, संसर्गाची शक्यता वाढते, शौचाला खडा होतो, गोंधळही वाढतो. हृदय किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसभरात साधारण दीड लिटर द्रव जायला हवा. त्यातला मोठा भाग दिवसा द्या, झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी करा. चहा-कॉफीनेही घाई वाढते, ती संध्याकाळी टाळा. पायांना सूज असेल तर दुपारी पाय वर घेऊन त्यांना झोपवा. दिवसभर पायांत साठलेलं पाणी नाहीतर रात्री आडवं झाल्यावर लघवीतून बाहेर पडतं आणि रात्रीच्या फेऱ्या वाढतात. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीने लागणारे मंद दिवे लावा. या माणसांची बरीच पडझड रात्री याच वाटेवर होते. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल अशी बसवा, आणि फिनेल, ॲसिड, साबणाचे द्रव कुलपात ठेवा. ओळख गेलेली असते तेव्हा बाटलीतलं काहीही पिण्यासारखं दिसतं.

आता तो रुमाल. मला ठाऊक आहे, सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट हीच असते. पण त्यातली विचारांची साखळी बघा. शौचाला होतंय, पण खडा झालाय, बाहेर येत नाही, दुखतं. ते काय आहे हे सांगायला शब्द नाहीत, म्हणून हात मागे जातो. हातात काहीतरी येतं. ते घाण आहे आणि कुणाला दिसू नये, इतकं कळतं. कमोडमध्ये टाकून फ्लश करायचं, ही पायरी गळलेली असते. मग ते स्वच्छ रुमालात नीट गुंडाळून आत ठेवतात. आयुष्यभर नीटनेटकं राहिलेला माणूस आपली लाज झाकतोय, उरलेल्या बळानिशी. भिंतीला हात पुसणं किंवा कपडे लपवणं यामागेही बहुतेकदा हेच असतं.

म्हणून इथला उपाय रुमाल लपवणं किंवा पहारा ठेवणं हा नाही. शौचाला किती दिवसांनी होतं, कसं होतं, हे बघा. एक सापळा ध्यानात ठेवा: पातळ जुलाब होताहेत म्हणजे बद्धकोष्ठता नाही, असं नसतं. आत घट्ट खडा अडकला की त्याच्या बाजूने पातळ शौच झिरपत राहतं. घरचे जुलाब थांबवायचं औषध देतात आणि त्रास दुप्पट होतो. खडा मूत्राशयावर दाबतो तेव्हा लघवीचीही घाई होते किंवा ती अडकते, म्हणजे तुमच्या इतर तक्रारींचंही हे एक कारण असू शकतं. डॉक्टरांनी पोट तपासून सौम्य औषध दिलं आणि रोज सकाळच्या खाण्यानंतर वीस-तीस मिनिटांनी त्यांना कमोडवर बसवलं, तर बऱ्याच जणांचं हाताने काढणं थांबतं. खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात, ती वेळ वाया घालवू नका. पाय टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. नखं कापलेली ठेवा.

'मी नाही केलं' यावर काय बोलायचं? काहीच नाही. त्यांना खरोखर आठवत नाही, किंवा आठवतंय आणि लाज असह्य होतेय. दोन्ही बाबतीत पुरावा दाखवून काही साधत नाही. 'असू दे बाबा, हे कपडे बदलूया' एवढं पुरे. आणि जाण्याआधी 'लागली आहे का?' असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' येतं. 'चला बाबा, जेवायच्या आधी जाऊन येऊ' म्हणा आणि हात पुढे करा. लागल्याच्या खुणा शब्दांबाहेर असतात: पँटशी चाळा, एकदम उठणं, येरझारा, कोपऱ्याकडे जाणं, भर खोलीत कपडे काढायला लागणं. प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती ओळखता आली की अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.

ती ओळखायला तीन दिवस वही ठेवा. किती वाजता काय प्यायले, किती वाजता कुठे झालं, आधी काय करत होते. तीन दिवसांत बहुतेकदा चित्र दिसू लागतं. मग त्या वेळांच्या थोडं आधी, किंवा काहीच न दिसल्यास दर दोन-तीन तासांनी, त्यांना घेऊन जा. डॉक्टरांनाही ही वही तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

डॉक्टरांना आणखी एक विचारा. अल्झायमरमध्ये लघवीवरचा ताबा सहसा उशिरा जातो. तुमच्या वडिलांची बाकीची समज बरी असताना हे सुरू झालं असेल, किंवा त्याच सुमारास पाय फरशीला चिकटल्यासारखी त्यांची चाल झाली असेल, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणं, छोटे पक्षाघात किंवा ल्युई बॉडी डिमेन्शिया (डिमेन्शियाचाच दुसरा एक प्रकार) यांची शक्यता बघावी लागते. पाणी साठण्यावर काही जणांत शस्त्रक्रियेने फरक पडतो, म्हणून चालीचा एक छोटा व्हिडिओ काढून न्या. ल्युई बॉडीच्या बऱ्याच रुग्णांचा उभं राहताना रक्तदाब पटकन खाली येतो. तशी शंका असेल तर कमोडवरून उठवताना मिनिटभर बसू द्या.

आणि डायपर. आत्ताच चोवीस तासांचा नको. वर लिहिलेलं तपासून होईपर्यंत तरी नाही. ते अजून भांडं शोधताहेत, लपवताहेत, म्हणजे त्यांना जाणीव आहे. पूर्ण वेळ डायपर लावला की घरातले न्यायचं थांबवतात आणि उरलेली सवयही जाते. काही जण तो ओढून फाडतातही, कारण अंगाला काय चिकटलंय ते त्यांना कळत नाही. रात्री आणि बाहेर जाताना मात्र जरूर वापरा. चड्डीसारखा वर ओढता येणारा प्रकार घ्या, म्हणजे ते स्वतः खाली करू शकतील, आणि त्यांच्यासमोर त्याला चड्डीच म्हणा. ओला झाल्यावर लगेच बदला, कातडी कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. वेळा पाळून तीन-चार दिवस नीट नेऊनही फरक पडला नाही, किंवा त्यांना उभं करताना तुमचीच कंबर जायला लागली, तर दिवसाही लावा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. तो निर्णय तुमच्या ताकदीकडे बघूनही घ्यायचा असतो. घरात दुसरं कोण आहे आणि रात्री कोण उठतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर रात्रीपुरतं काय करता येईल ते अधिक नेमकं सांगता येईल.